भामरागडच्या मुलांचे वाकडे दात

‘जिथं मलेरिया हटत नाही, तिथं दातांना तारा कशाला?’ गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या मुलांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला कळवळा नसतो असं नाही. पण १९७३ साली हाच हिशेब लावला असता, तर ‘आधी रस्ता, मग डॉक्टर’ म्हणून तिथल्याच हेमलकशाचा दवाखाना उभाच राहिला नसता.

मुळात वाकडे दात म्हणजे फक्त दिसण्याची गोष्ट, हे गृहीतकच चूक आहे. पुढे आलेला दात पडल्या-आपटल्यावर लवकर तुटतो. वरचे-खालचे दात जुळत नसले तर घास तोडता येत नाही. टाळू फाटलेल्या मुलाचं नुसत्या शस्त्रक्रियेनं भागत नाही. पुढं कित्येक वर्षं दात आणि जबडा वळणावर आणावा लागतो. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा अठराच्या आतल्या मुलांना तारा मोफत लावते, त्याही गरजेची प्रत ठरवून. म्हणजे गरज आणि हौस वेगळी काढता येते.

‘रानातलं खाणं कडक, त्यांचे दात चांगलेच असतात,’ असंही ऐकतो. आता पुड्यातली बिस्किटं गावोगाव पोचली आहेत. दुधाची दाढ किडून वेळेआधी पडली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वाट मिळेल तिकडे येतो.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात उपचार स्वस्त आहेत, हे मात्र खरं. पण तिथं पोचायचं कसं? एका बाजूनं सुमारे साडेतीनशे किलोमीटर. दोन वर्षं दरमहा गेलं तर जवळपास सतरा हजार किलोमीटर होतात. प्रत्येक खेपेला आईची नाहीतर बापाची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, तेंदूपानाच्या हंगामात तर नुकसान आणखी मोठं. नागपूरचं मूल शाळा सुटल्यावर जाऊन येतं. तारेची किंमत दोघांना एकच, उपचाराची नाही.

म्हणून चाळीस मुलांनी नागपूर गाठण्यापेक्षा एका तज्ज्ञानं दर दोन महिन्यांनी अहेरी-भामरागडला यावं. आश्रमशाळेत सात ते दहा वयाच्या मुलांचे दात तपासावेत; दुधाची दाढ गेली तिथं जागा राखणारी साधी तार बसवली, तर पुष्कळांना पुढचे मोठे उपचार लागणारच नाहीत. शाळा उघडताच, पर्लकोटा नदीला पूर येऊन वाट तुटायच्या आत, पहिली फेरी व्हावी. पावसाळ्यात तारेचं टोक गालाला टोचलं तर त्यावर लावायला मेणाची डबी मुलाच्या दप्तरात असावी, आणि ते टोक कापायला शिकलेली एक परिचारिका नदीच्या भामरागडकडच्या काठाला.