पाण्याच्या वाटेवरची माणसं



कला, विज्ञान आणि समाज यांनी हातात हात घालून काम करावं, असं आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. टाळ्या होतात, चहा होतो आणि विषय संपतो. म्हणून आज आपल्याच भागातलं, जमिनीखालचं एक उदाहरण सांगते: बिदरजवळच्या नौबादची कारेझ, लोकांच्या बोलीत ‘सुरंग बावी’.

बिदर उंच पठारावर वसलंय. माथ्यावर जांभा दगड, खाली काळा बसाल्ट. सच्छिद्र जांभा पावसाचं पाणी पिऊन घेतो आणि खालच्या चिकण थरावर ते अडतं. पंधराव्या शतकात अहमदशहा बहामनीने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली आणि इराणातली कारेझची विद्या इथल्या दगडात उतरली. जमिनीखाली हलक्या उताराचा बोगदा आणि त्यावर हवा-उजेडासाठी, गाळ उपसण्यासाठी ओळीने उभ्या विहिरी. मोट नको, पंप नको. पाणी आपल्या उताराने चालत येतं. औरंगाबादची मलिक अंबरची नहर पाहिलेल्यांना हे लगेच उमगेल.

पुढे नळ आले, बोअर आले आणि या विहिरींत गाळ-कचरा साचला. गेल्या दशकात केरळमधले भूगोलाचे प्राध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी या वाटा नकाशावर आणल्या, बिदरची तरुण मंडळी पुढे आली, जिल्हा प्रशासनाने गाळ काढायला घेतला. २०२० साली दख्खनच्या पठारावरील ऐतिहासिक जलव्यवस्थांचा ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच’च्या यादीत समावेश झाला.

हे केवळ जुन्या वास्तूचं कौतुक नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, ते आपण विसरलेलो नाही. भालकी, औराद, बसवकल्याणची निम्मी सोयरीक लातूर-उदगीरकडची. त्यांचं आभाळ तेच आपलं आभाळ.

आता खरी अडचण. बोगदा कितीही स्वच्छ केला, तरी त्यात येणारं पाणी वरच्या पठारावर मुरायला हवं. तिथे प्लॉट पडले, सिमेंट आलं, बोअरनी खालचं पाणी ओढलं, सांडपाणी सोडलं, तर कारेझ कोरडी पडेल किंवा नासेल. अभियंता उतार मोजेल, भूगोलवाला नकाशा काढेल. पण आपल्या अंगणाखालून कुणाचं तरी पाणी वाहतं, हे घराघरांत पोचवणार कोण? इथे कलावंत हवा, कीर्तनकार हवा, शाळेतल्या बाई हव्यात.

अशी सरमिसळ आपल्या मातीला नवी नाही. बिदरी कारागिराचंच घ्या. जस्तात थोडं तांबं मिसळून तो भांडं ओततो, त्यावर नक्षी कोरून चांदी बसवतो आणि किल्ल्यातली माती नवसागराबरोबर वापरून भांडं काळंभोर करतो. चांदी तेवढी लखलखत राहते. यात कला कुठे संपते आणि रसायनशास्त्र कुठे सुरू होतं? हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठीत पदं रचली, तशी कानडीत आणि हिंदीतही. बिदरमध्ये शीख बांधवांचा नानक झिरा आहे, तसा नरसिंह झिराही आहे. देवस्थानं दोन, पण दोन्हींच्या नावात पाण्याचाच पाझर.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. यंदा प्रत्येक गावाने एक जुनी विहीर निवडावी. मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली, गाठी मारलेल्या दोरीला दगड बांधून, मे महिन्यात आणि पुन्हा दिवाळीत पाण्याची पातळी मोजावी आणि वहीत लिहावी. आजी-आजोबांना विचारावं: विहिरीचं नाव काय, गाळ कोण काढायचं, कुणाला पाणी मिळत होतं आणि कुणाला नाकारलं जात होतं? हा शेवटचा प्रश्न टाळू नये. मग त्यावर चित्रं काढावीत, एखादं भारूड बसवावं. मराठीत, कानडीत आणि दखनीतही.

खर्च फार नाही: दोरी, वही आणि महिन्यातला एक रविवार. शेजारच्या कानडी आणि मुस्लिम कुटुंबांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, समारोपाच्या फोटोपुरतं नको. विहिरीचं नाव ठरलं की मला जरूर कळवा. आमच्या गल्लीतली दोरी मी आणून ठेवली आहे.