फिर्याद आणि निकाल

आलिशान मोटारीची किंमत वीस वर्षांत पार उतरते. तिच्या दुरुस्तीचा खर्च मात्र उतरत नाही. जुन्या बाजारातून हौसेने अशी गाडी घेणाऱ्यास हे सत्य बहुधा समोरच्या फलकावर तीन दिवे एकदम लागतात त्या दिवशी उमगते.

बीएमडब्ल्यू कंपनीची 'एक्स ५' हे याचे बोलके उदाहरण. २००३ साली या गाडीत चारही चाकांना शक्ती पुरविणारी नवी विद्युत्-नियंत्रित योजना आली. गिअरबॉक्समागील ट्रान्सफर केसमध्ये चकत्यांचा क्लच असतो आणि तो आवळण्याचे काम एक लहानशी विजेची मोटार करते. तिच्यातील प्लास्टिकचे दातेरी चाक कालांतराने झिजते. मग नियंत्रकाची आज्ञा क्लचपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि ब्रेक, एबीएस व चार चाकांची यंत्रणा या तिघांचेही दिवे पेटतात. परंतु दुबळी बॅटरी, एखाद्या चाकाचा बिघडलेला सेन्सर किंवा चार टायरांपैकी एकच नवा बसविणे, यांमुळेही असेच दिवे लागू शकतात! हे सारे विभाग परस्परांच्या माहितीवर विसंबून असल्याने एकाचे दुखणे दुसऱ्याच्या नावे नोंदले जाते. यंत्राने दाखविलेला कोड ही फिर्याद होय, निकाल नव्हे.

म्हणूनच जाणता मिस्त्री प्रथम बॅटरीचे व्होल्टेज मोजतो, टायरांची झीज पाहतो, जुने कोड पुसून कोणता पुन्हा उमटतो याची वाट पाहतो, चालत्या गाडीत चारही चाकांच्या वेगाचे आकडे ताडून पाहतो आणि मगच ती मोटार उघडतो. पुष्कळदा नवे दातेरी चाक बसविल्याने काम भागते. घाईच्या निदानात मात्र संपूर्ण ट्रान्सफर केस बदलली जाते, आणि बिल अनेक पटींनी फुगते.

याचा सारा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला तपासणीचा ठराविक जोड सक्तीचा झाला खरा, पण ती सक्ती मुख्यतः धुराशी संबंधित दोषांपुरती. ट्रान्सफर केसच्या नियंत्रकाशी बोलायचे तर स्वस्त यंत्र बहुधा मुकेच राहते. तेथे कंपनीचे वा तत्सम खास उपकरण लागते. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग व निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दलच. पुढे ते प्रकरण न्यायालयीन वादात अडकले.

सुरक्षिततेचे कारण कंपन्या पुढे करतात. चोरीला आळा घालणाऱ्या किल्लीच्या यंत्रणेपुरते ते मान्य करता येईल. झिजलेल्या दातेरी चाकात कसले गुपित? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ सालीच निदानाची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करणारा कायदा केला. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे तिचे नूतनीकरणही होते. निदानाची साधने व पुस्तिका वाजवी किमतीत पुरविण्याचे बंधन कंपन्यांवर निदान तितक्या मुदतीपुरते तरी कायद्याने घातले पाहिजे.