दूध ‘घालतो’, विकत नाही

दौंड तालुक्यात भीमेकाठी माझ्या आत्याचं गाव आहे. मागच्या आठवड्यात पहाटे तिच्याबरोबर डेअरीवर गेलो. दोन गाई, एक कॅन, चिखलाची वाट. चालता चालता सहज विचारलं, ‘‘आत्या, दूध काय भावानं विकता?’’ ती जागेवर थांबली. ‘‘विकत न्हाय रे. डेरीला घालतो आपण.’’

घालतो. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात कुणालाही विचारा, हाच शब्द येईल. डेअरीला दूध घालायचं, कारखान्याला ऊस घालायचा. विकायचा तो कांदा. केडगावच्या मार्केटात गोणी उतरते, लिलाव पुकारला जातो, व्यापारी बोली लावतो, मग हातात पट्टी येते. त्या दिवशी शेतकरी घरी येऊन ‘कांदा विकला’ म्हणतो. भाव पडलेला असला तरी ‘विकला’च म्हणतो. दुधाला मात्र ते क्रियापद लागत नाही.

डेअरीवर पोरानं मापातलं दूध ढवळलं, नमुना मशीनच्या नळीला लावला, आकडे उमटले. फॅट ३.६, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) ८.३. ‘‘आत्या, एसएनएफ बसंना,’’ तो म्हणाला आणि दूध कॅनमध्ये ओतलं. ओतून झाल्यावर चिठ्ठी निघाली, त्यावर दर होता. भिंतीवर दरपत्रक लावलेलं होतं, पण ते दोन महिन्यांपूर्वीचं. चिठ्ठीच्या माथ्यावर छापलं होतं : दूध संकलन केंद्र. दहा दिवसांनी हिशोब होईल, तेव्हा आत्याच्या घरात ‘दुधाचा पगार झाला’ असं म्हणतील. गाय तिची, वैरण तिची, गोठ्यातलं शेण काढणारे हात तिचे, आणि पैसा आला की तो पगार! मालकाला पगार कुठला? पगार चाकराला मिळतो.

हेच दूध टँकरमधून पुढे गेलं की कंपनीच्या कागदावर त्याचं नाव होतं ‘मिल्क प्रोक्युरमेंट’. इंग्रजी बोलणाऱ्याच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द जवळपास येतच नाही. दुकानातून दूध आणलं, भाजी आणली, चपला आणल्या, तर तो ‘बाय’ म्हणतो. ‘प्रोक्युअर’ म्हणतो तो खटपट करून, कुठून तरी, मुश्किलीनं मिळवलेल्या वस्तूला. एरवी हा शब्द सरकारच्या, लष्कराच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या दप्तरात राहतो. मूळ लॅटिन. दुसऱ्याच्या वतीनं काळजी घेणं, त्याचं काम पाहणं, हा त्याचा पहिला अर्थ. पुढे त्यालाच दलालीचाही अर्थ चिकटला, आणि ‘प्रोक्युअरर’ म्हणजे बायकांचा दलाल असाही वापर इंग्रजीत झाला. या सगळ्या अर्थांत घेणारा आहे, ज्याच्यासाठी घ्यायचं तोही आहे. देणारा मात्र कुठेच दिसत नाही.

आपल्या देशात या शब्दाला एक खास अर्थ लाभला. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ उभं राहिलं, आणि इंग्रजी वर्तमानपत्रात ‘प्रोक्युरमेंट’ म्हटलं की गव्हाची आणि भाताची पोती, ओलावा मोजणारं यंत्र, हमीभाव एवढंच डोळ्यांपुढे येऊ लागलं. हिंदीनं त्याला भारदस्त शब्द शोधले. बिहारच्या सरकारी कागदात भाताची ‘अधिप्राप्ति’ होते, मध्य प्रदेशात गव्हाचं ‘उपार्जन’. मराठीनं साधा शब्द धरून ठेवला. १९७२ मध्ये राज्यानं कापूस आपल्याच हाती घेतला, तेव्हा इंग्रजी नावात ‘मोनॉपली प्रोक्युरमेंट’ होतं. मराठीत योजना झाली ‘कापूस एकाधिकार खरेदी’. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. खरेदी म्हटलं की समोर विक्री आलीच. विक्री आली की विकणारा आला. विकणारा आला की भावाची गोष्ट निघणार, आणि विदर्भात ती वर्षानुवर्षं निघतच राहिली.

शिरूरच्या शेजारच्या खेड तालुक्यात, चाकणला, १९८० मध्ये शरद जोशींनी कांद्याचं आंदोलन उभं केलं. त्यांच्या शेतकरी संघटनेची ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा या भागातल्या जुन्या माणसांना आजही पाठ आहे. त्यात दाम शब्द आहे. दाम विकणाऱ्याला मिळतो, घालणाऱ्याला नाही.

‘घालणं’ हा शब्द आला कुठून, हेही नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर आत्यावर अन्याय होईल. तो सहकारातून आला, आणि आला तेव्हा अगदी योग्य होता. संस्था माझी, मी सभासद, मग माझंच दूध माझ्याच संस्थेला विकायचं कसं? घालायचंच. वर्षअखेरीला नफा उरला तर दरफरक परत यायचा, दिवाळीला बोनस मिळायचा. घरातल्या कणगीत धान्य घालावं तसं ते होतं. आज राज्यातलं बहुतेक दूध खासगी डेअऱ्या घेतात. तिथे आत्या सभासद नाही, सभेला तिला बोलावणं नाही, नफ्यात तिचा वाटा नाही. मालकी गेली, शब्द मागे राहिला. आणि तो शब्द आता घेणाऱ्याच्या सोयीचा झाला आहे, कारण जो ‘घालतो’ तो भाव विचारत नाही.

आत्याच्या गावापासून नदीपलीकडे काही मैलांवर रांजणगावची एमआयडीसी आहे. तिथल्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारा लहान उद्योजक घ्या. त्याच्याशी बोलणारा विभागही आता स्वतःला ‘प्रोक्युरमेंट’ म्हणवतो, जुनी माणसं अजून ‘पर्चेस’ म्हणतात. पण त्या उद्योजकाच्या हातात पीओ, म्हणजे पर्चेस ऑर्डर, असते. नगाला किती रुपये, ते माल गाडीत चढायच्या आधी कागदावर असतं. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यानं ४५ दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे, उशीर झाला तर व्याज. उसालासुद्धा, ‘घालतो’ म्हटलं तरी, पाठीशी कायदा आहे : एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरते, १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर १५ टक्के व्याज. दुधाला यातलं काहीच नाही. नट-बोल्ट विकणाऱ्याला भाव आधी कळतो, दूध देणाऱ्या आत्याला ओतल्यावर. दोन्हीकडे दप्तरातला शब्द एकच.

जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं. अट होती की ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाला डेअरीनं किमान २७ रुपये द्यावेत. जुलैत तो आकडा ३० झाला. अनुदान किती जणांना वेळेवर पोचलं हा वेगळा वाद आहे. पण त्या निर्णयात एक कबुली होती : हा व्यवहार आहे, याला दर असतो, आणि तो देणाऱ्याला परवडला पाहिजे. संकलन पावसाच्या पाण्याचं होतं, वर्गणीचं होतं, जुन्या नाण्यांचं होतं. रात्री तीनदा उठून आजारी गाईला पाणी पाजणाऱ्या बाईच्या दुधाचं संकलन होत नाही. ते विकत घेतलं जातं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. गावोगावच्या डेअरीच्या पाटीवर ‘दूध संकलन केंद्र’ पुसून ‘दूध खरेदी केंद्र’ लिहा. त्या दिवसाचा दर, फॅट-एसएनएफच्या प्रत्येक पॉइंटच्या वाढ-वजावटीसह, मापाच्या बाजूला, दूध ओतण्याआधी दिसेल असा लावा. शब्द बदलल्यानं दर वाढणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘खरेदी’ लिहिलेल्या पाटीखाली उभं राहून भाव विचारणं आत्याला सोपं जाईल. आणि शिरूर-दौंडमधल्या माझ्या वाचकांनो, पाटी बदलेपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी कॅनचं झाकण उघडण्याआधी एवढंच विचारा : आज काय दरानं घेताय?