वनविहार आणि भूतदया

थंडीच्या दिवसांत मुलांस घेऊन एकदां तरी अरण्यांत जावें, असें मीं या सदरांत मागें लिहिलें होतें. त्यावर कांहीं वाचकांनीं, "कोठें जावें आणि जाऊन काय करावें?" असा प्रश्न केला आहे. उत्तरादाखल आमच्याच घरचा एक दिवस सांगतों. त्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे व मला लाजविणारेंही थोडें आहे.

मुंबईच्या उत्तरेस बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारें १०४ चौरस किलोमीटर पसरलें आहे. मुंबईस पाणी पुरविणारे विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव याच डोंगरांतले. सोमवारीं उद्यान बंद असतें. आम्ही पौषांतल्या एका रविवारीं सकाळीं लवकर पोहोंचलों. थोरली नात सायकलीवर आणि सूनबाई, धाकटा नातू व मी बसनें, असे कान्हेरीस गेलों.

कान्हेरीस शंभरांहून अधिक लेणीं आहेत. तेथील शिलालेखांत या डोंगरास 'कण्हसेल' म्हटलें आहे, म्हणजेच संस्कृतांत कृष्णशैल. काळ्या कातळास याहून उचित नांव कोणतें? मोठें चैत्यगृह सर्वच पाहतात. मीं मुलांस प्रथम पाण्याच्या पोढी दाखविल्या. पावसाचें पाणी पन्हळींवाटे खडकांतील टांक्यांत सांठवून भिक्षूंनीं येथें शतकानुशतकें निर्वाह केला. नव्वदाव्या लेण्यांत १००९ व १०२१ सालीं येऊन गेलेल्या पारशी मंडळींनीं आपलीं नांवें पहलवी लिपींत कोरलीं आहेत. तें ऐकतांच नातवानें विचारलें, "मग मीही माझें लिहूं कां?" मीं त्यास नियम म्हणजे काय, यावर चांगलें दहा मिनिटें व्याख्यान दिलें.

पुढील प्रकार त्यानंतर अर्ध्या तासानें घडला. पायऱ्यांवर एक माकडीण पिलास पोटाशीं धरून बसली होती. मला दया आली. मीं पिशवींतून केळें काढलें. नात म्हणाली, "आजोबा, पाटी वाचली नाहींत कां? खाऊ घालूं नये, असें लिहिलें आहे." मी म्हणालों, "बाळ, भूतदयेस पाटी नसते." तोंच पांच-सहा माकडें धांवून आलीं. एकानें सूनबाईंच्या हातची पिशवी ओढली आणि त्या झटापटींत नातवाच्या कोंपरास नख लागून रक्त आलें.

जखम लहान, पण प्रसंग लहान नव्हता. माकडाच्या नखा-दातांपासूनही रेबीजचें भय असतें. अशा वेळीं हळद किंवा चुना न लावतां वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावें व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. आम्ही तसें केलें. त्या मुलास महिन्याभरांत चार वेळां लस टोंचून घ्यावी लागली. सूनबाई मला एक शब्दही बोलल्या नाहींत.

आतां पाटीचें कारण नीट समजून घेतलें आहे, तें सांगतों. रानांतलें माकड फळें खाऊन बिया दूरवर टाकीत हिंडतें, त्यानें रान वाढतें. आयत्या अन्नाची चटक लागली कीं तें वाटेवर बसून राहतें व पुढें हिसकावूं लागतें. आपण टाकलेल्या खरकट्यावर कुत्रे जमतात, आणि कुत्र्यांच्या मागें बिबट्या वस्तीपर्यंत येतो. म्हणजे माझें केळें मजपाशींच संपत नाहीं. दयेला ज्ञानाची जोड नसेल, तर ती दुसऱ्याच्या अंगावर येते. येथें ती नातवाच्या अंगावर आली.

तेव्हां जाणाऱ्यांनीं डबा न्यावा, पण पिशवी बंद ठेवावी. उष्टें-खरकटें परत आणावें. आवाज हळू ठेवावा, म्हणजे पक्षी ऐकूं येतात. अंधारापूर्वीं बाहेर पडावें. आंतल्या पायवाटांवर जावयाचें असल्यास वनखात्याची परवानगी काढून जाणत्या मार्गदर्शकाबरोबरच जावें.

या डोंगरांवर कारवी आठ वर्षांतून एकदां फुलते. ती २०१६ सालीं व मागाहून २०२४ सालीं फुलली. त्या हिशेबानें पुढची पाळी २०३२ ची. तेव्हां नातवानें मला हात धरून न्यावयाचें, असें आमच्यांत ठरलें आहे. पिशवी मात्र नातीच्या हातीं राहील.