माहिती आपली, मुदत कुणाची?

वधू-वर सूचक ग्रुप, स्पर्धा परीक्षांचे ग्रुप, शिष्यवृत्तीची माहिती देणारी पेजेस, जयंती मंडळांचे गुगल फॉर्म अशा अनेक ठिकाणी आपले तरुण नाव, मोबाइल नंबर, पत्ता, जात आणि धर्म लिहून देतात. काही ठिकाणी जातीच्या दाखल्याचा फोटोही मागितला जातो. माहिती कशासाठी हवी, हे फॉर्मवर लिहिलेले असते. ती किती दिवस ठेवणार, हे मात्र सहसा कुठेच लिहिलेले नसते.

हा प्रश्न आता कायद्याच्या चौकटीत आला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यातील मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील.

कायद्याचे मूळ तत्त्व चांगले आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले किंवा आपण संमती मागे घेतली, की माहिती पुसली पाहिजे. दोन कोटी किंवा त्याहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपन्यांना तर ठरावीक मुदत घातली आहे. वापरकर्ता सलग तीन वर्षे फिरकला नाही, तर त्याची माहिती काढून टाकायची आणि त्याआधी किमान ४८ तास त्याला कळवायचे.

पण तपशिलात गेले की उणिवा दिसतात. संमती घेताना द्यायच्या सूचनेत कोणती माहिती घेतली, कशासाठी घेतली, हक्क कसे बजावायचे आणि तक्रार कशी करायची हे सांगणे बंधनकारक आहे. माहिती किती काळ ठेवणार, हे सांगणे बंधनकारक नाही. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार ही मुदत, किंवा ती ठरवण्याचा निकष, माहिती घेतानाच सांगावा लागतो. आपल्याकडे हा साधा प्रश्न नागरिकानेच विचारायचा आहे.

दुसरी गोष्ट, खाते बंद केले म्हणजे माहिती लगेच पुसली गेली असे होत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार नोंदणीची माहिती खाते बंद झाल्यावरही १८० दिवस जपून ठेवावी लागते. नव्या नियमांत तर वैयक्तिक माहिती आणि वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याचे बंधन आहे आणि त्याचे कारण म्हणून देशाची सुरक्षा व सार्वभौमत्व यांसारखी शासकीय प्रयोजने दिली आहेत. म्हणजे कमीत कमी किती काळ ठेवायचे, हे सरकारने सर्वांना बजावले आहे. जास्तीत जास्त किती काळ, याची ठाम मुदत मात्र काही मोठ्या कंपन्यांपुरतीच आहे.

तिसरी गोष्ट आपल्याला सर्वांत जवळची आहे. २०१९ च्या विधेयकात जात, जमात, धार्मिक आणि राजकीय श्रद्धा ही ‘संवेदनशील’ माहिती मानली होती. २०२३ च्या कायद्यात हा वर्गच उरला नाही. आता जातीची नोंद आणि ईमेलचा पत्ता कायद्याच्या नजरेत सारखेच. भाड्याचे घर शोधताना, नोकरीच्या मुलाखतीत किंवा वसतिगृहात आडनाव विचारण्यामागचा हेतू ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा फरक समजावून सांगायची गरज नाही. जुनी यादी भलत्याच हाती गेली तर ईमेल बदलता येतो, जात बदलता येत नाही.

म्हणून सरकार आणि कंपन्यांना जाब विचारायलाच हवा. पण तो विचारण्याचा नैतिक अधिकार आपल्या घरापासून सुरू होतो. हा कायदा फक्त बड्या कंपन्यांना नाही. घरगुती, वैयक्तिक वापर सोडला तर डिजिटल माहिती गोळा करणाऱ्या संस्था आणि मंडळेही त्याच्या कक्षेत येतात. मेळावा होऊन चार वर्षे झाली तरी मुलींचे फोटो आणि नंबर असलेली एक्सेल शीट दहा कार्यकर्त्यांच्या मोबाइलमध्ये फिरत असेल, तर ती जबाबदारी आपली आहे.

यासाठी पैसा लागत नाही. प्रत्येक फॉर्मवर एक ओळ लिहा : ही माहिती अमुक कामासाठी घेतली आहे, अमुक तारखेपर्यंत ठेवू, अमुक पदाधिकारी ती पाहू शकतील. गरज नसेल तिथे जातीचा रकाना ठेवू नका. दाखल्याचे फोटो ग्रुपवर मागवू नका. काम संपले की यादी पुसा, कायद्याने काही नोंद ठेवणे भाग असेल तर तेही सभासदांना सांगा. आणि कुठलाही फॉर्म भरताना प्रत्येक तरुणाने निःसंकोच विचारावे, “हे किती दिवस ठेवणार?”

मंडळाच्या वर्गणीचा हिशेब आपण फलकावर लावतो. लोकांनी विश्वासाने दिलेल्या माहितीचा हिशेबही तसाच उघड असला पाहिजे.