माळ्यावरचा आवाज

दिवाळीची झाडलोट निघाली की कित्येक घरांत माळ्यावरून तबकड्यांची पेटी खाली येते, आणि पेटीपाठोपाठ वादही. सूनबाई म्हणतात, "ही गाणी हल्ली मोबाइलवर मिळतात की! देऊन टाकू रद्दीवाल्याला." सासूबाई काही बोलत नाहीत, पण पेटीवरचा हातही काढत नाहीत.

या वादात आम्ही सासूबाईंच्या बाजूचे. सगळीच गाणी मोबाइलवर मिळत नाहीत. नाट्यपदांच्या, भावगीतांच्या, नकलांच्या कितीतरी तबकड्या एकदा निघाल्या त्या निघाल्या. पुन्हा कोणी छापल्या नाहीत. तेव्हा पेटी रद्दीत न देता तिच्यातला आवाज घरच्या संगणकात उतरवून घ्यावा. काम चिकाटीचे आहे, अवघड नव्हे.

आधी पेटीत काय आहे ते ओळखावे. जड, ठिसूळ, मिनिटाला ७८ फेरे घेणारी आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजणारी ती लाखेची तबकडी. हलकी, थोडी वाकणारी, ३३⅓ फेऱ्यांची आणि बाजूला वीसेक मिनिटे गाणारी ती व्हिनाइलची लाँग प्ले. ती १९४८ साली अमेरिकेत प्रथम बाजारात आली.

हा भेद धुण्यापुसण्याच्या वेळी फार महत्त्वाचा. सुतार कपाटाला जे पॉलिश लावतो ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच. म्हणून लाखेच्या तबकडीला स्पिरिटचा बोळा कधीही लावू नये. धुळीबरोबर गाणेही पुसले जाईल. शुद्ध पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ फडके एवढे पुरे. मधला कागद भिजू देऊ नये, आणि तबकडी सावलीतच वाळवावी.

दुसरी गोष्ट सुईची. लाखेच्या तबकडीची चर रुंद असते. तिला इंचाच्या सुमारे तीन हजारांश जाडीची सुई लागते. लाँग प्लेची सुई जेमतेम एक हजारांश, किंवा त्याहूनही बारीक. ती लाखेच्या चरीत टाकली तर तळाशी जाऊन धूळ उकरीत बसते आणि गाण्याऐवजी खरखर ऐकवते. आजोबांच्या चावीच्या फोनोवर तर हे काम करूच नये. त्याच्या पोलादी पिनेचा भार फार, आणि प्रत्येक फेरीला ती चर थोडी झिजवते.

तिसरी गोष्ट वेगाची. जुन्या काळच्या साऱ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेले गाणे ७८ वर वाजवले, तर काळी एकात गायलेले पद जवळजवळ पांढरी दोनात ऐकू येते. घरात पेटी वाजवणारे कोणी असेल तर त्यांना जवळ बसवावे. सूर कानाला खोटा वाटला तर वेग थोडा कमी-जास्त करून पाहता येतो.

आता जोडणी. तबकडी कोरताना खर्जाचा आवाज मुद्दाम कमी आणि तारसप्तकाकडचा वाढवलेला असतो; नाहीतर चरी एकमेकींत घुसतील. वाजवताना हा उलटफेर सरळ करणारे यंत्र म्हणजे फोनो प्रीअँप. लाँग प्लेसाठी त्याचे प्रमाण १९५४ साली ठरले. ते मध्ये नसले तर गाणे डब्यातून आल्यासारखे किरटे लागते. जुन्या अँप्लिफायरला 'फोनो' असे भोक असेल तर ही सोय त्यातच आहे. यूएसबीच्या नव्या तबकडीयंत्रांतही ती असते. मात्र त्यांपैकी पुष्कळ यंत्रांवर ७८ चा वेग नसतो, तेव्हा विचारून घ्यावे.

संगणकावर ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा कार्यक्रम पुरेसा आहे. आवाजाची पातळी उतू जाणाऱ्या दुधासारखी सांभाळावी. पातेल्यात जागा ठेवावी. काटा लाल रेघेला टेकला की तो फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. नोंद वेव्ह किंवा फ्लॅक प्रकारात ठेवावी. एमपीथ्री प्रत प्रवासात ऐकायला ठीक. मूळ म्हणून नको, कारण जागा वाचवण्यासाठी तिने काही आवाज टाकून दिलेला असतो. संग्रहालये सेकंदाला ९६ हजार नमुने आणि २४ बिटांचे माप पसंत करतात. त्या मापाने मिनिटाला सुमारे ३५ एमबी लागतात. म्हणजे पाऊण तासाची लाँग प्ले दीड जीबीत बसते.

मग येतो मोह, खरखर काढण्याचा. कार्यक्रमात तशी कळ आहे; पण ती जोरात दाबली की खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारी आणि गायिकेचा श्वासही जातो. म्हणून पहिली प्रत जशी आली तशीच ठेवावी आणि साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करावी. शेवटही घाईने कापू नये. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जानची गाणी मुद्रित झाली. त्या काळच्या तबकड्यांत गाणे संपता संपता ती आपले नाव इंग्रजीत सांगते. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. गाणारे कोण हे तिकडच्या लोकांना कळावे म्हणून ही रीत पडली, असे सांगतात. तेवढे दोन शब्द कापले तर त्या बाईंची सहीच गेली!

लेबलाचा फोटो काढावा, त्यावरचा क्रमांक नोंदीच्या नावात लिहावा. आणि ही तबकडी कोणी, कुठून, कशासाठी आणली, हे सासूबाईंना आजच विचारून घ्यावे. लेबलावर ते छापलेले नसते आणि कोणत्याही यंत्राला ते उतरवता येत नाही. सूनबाई, लिहून घ्यायचे काम तुमचे!

सारे उतरून झाले तरी तबकड्या फेकू नयेत. संगणकाची डिस्क पाच-दहा वर्षांत दगा देऊ शकते. शंभर वर्षांपूर्वीची तबकडी मात्र जपली तर अजून गाते. नोंदींच्या तीन प्रती कराव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी, लेकीकडे म्हणा, ठेवावी. तबकड्या उभ्या, उन्हापासून दूर. आणि यापुढे माळ्यावर नको, पत्र्याखालच्या उष्म्याने व्हिनाइल वाकडे होते. दिवाणखान्यातल्या कपाटाचा खालचा खण रिकामा करून द्यावा. एवढा मान त्यांनी खास मिळवलेला आहे.