अर्धी गोळी म्हणजे लहान मुलाचं औषध नव्हे!

"पोराला ताप आहे, काहीतरी द्या." शिरूर असो की दौंड, मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. उत्तरही ठरलेलं: "ही गोळी न्या. मोठ्याला एक, पोराला अर्धी." वजन किती, उलट्या होतायत का, कोणी विचारत नाही.

त्या गोळीचं पाकीट उलटून वाचा. बऱ्याचदा त्यावर निमेसुलाइड 100 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम असं सापडेल. निमेसुलाइडमुळे यकृताला इजा होऊ शकते. म्हणूनच केंद्र सरकारने फेब्रुवारी 2011 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी घातली. फिनलंड आणि स्पेनने तर 2002 मध्येच मोठ्यांसाठीही त्याची विक्री थांबवली होती. आपल्याकडे काय झालं? मुलांसाठीच्या औषधावर बंदी आली, पण मोठ्यांची गोळी मोडून तेच औषध पोराच्या पोटात जातंय. बंदी कागदावर, अर्धी गोळी चमच्यात!

"अर्धी दिली तर काय बिघडतं?" बिघडतं, राव. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नाही. तान्ह्या बाळाच्या जठरात आम्ल कमी असतं, त्यामुळे औषध शोषलं जाण्याचं गणितच वेगळं. त्याच्या शरीरात पाण्याचं प्रमाण जास्त. औषध निकामी करणारी यकृतातली यंत्रणा हळूहळू तयार होते, मूत्रपिंडं पूर्ण ताकदीने चालायला जवळपास वर्ष जातं. पुढे दोन-तीन वर्षांचं मूल काही औषधं मोठ्यांपेक्षाही वेगाने संपवतं. म्हणून अर्धा-पाव हिशेब चालत नाही, डोस वजनावरच ठरतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, आयब्युप्रोफेन 5 ते 10.

अजून एक घोळ. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये साधारण 1 मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं, सिरपच्या 5 मिलीत 125 किंवा 250. ड्रॉप्स सिरपसारखे 5 मिलीच्या चमच्याने पाजले, तर बाळाला थेट मोठ्या माणसाची 500 ची गोळी दिली असं होतं.

आणि मूत्रपिंड? उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायला प्रोस्टाग्लँडिन धावून येतं. आयब्युप्रोफेनसारखी सूज उतरवणारी औषधं नेमकं तेच रोखतात. डेंग्यूत तर आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता फडावरचं पोर डोळ्यांपुढे आणा. दिवसभर उन्हात, पाणी कमी, अंगात ताप. दवाखाना गाठायचा तर आईचा रोज बुडतो. ती अर्धी गोळी देते, यात तिचा दोष नाही. दोष माहिती असून गप्प बसणाऱ्यांचा आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये छिंदवाड्यात विषारी कफ सिरपने मुलं दगावली तेव्हा आपण सगळे हादरलो. पण औषध अस्सल असलं तरी चुकीच्या मापाने तेही घातच करतं, यावर चर्चा कधी?

म्हणून रोखठोक मागण्या:

मेडिकलवाल्या बंधूंनो, वजन विचारल्याशिवाय मुलांचं औषध देऊ नका. निमेसुलाइड तर चिठ्ठीशिवाय कुणालाच देता येत नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

डॉक्टर साहेब, चिठ्ठीवर मुलाचं वजन आणि किती मिली, हे वाचता येईल असं लिहा. "एक चमचा" नको.

अन्न व औषध प्रशासनाने फाइली सोडून तालुक्याच्या काउंटरवर यावं.

आणि कारखानदारांनो, उसाची एकेक गाडी काट्यावर मोजता ना? मग कोप्यांवर पोरांसाठीही एक वजनकाटा ठेवा, आठवड्यातून एकदा आशाताईंना तिथे बोलवा. फार खर्च नाही.

औषधाने त्रास झाला असं वाटलं तर आधी डॉक्टर गाठा, मग 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर नोंद करा. नोंदच झाली नाही तर सरकार म्हणणार, तक्रारच नाही.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण घरातलं पाकीट एकदा उलटून वाचाच.